टेनिसचा सराव आणि स्वतःची पद्धत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेनिस खेळणाऱ्यांकडून सरावाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी एकच अडचण असते. कोर्टवर तासन्‌तास जातात, चेंडूंच्या टोपल्या रिकाम्या होतात, अंग थकते आणि तरीही सामन्यात जुन्याच चुका जुन्याच जागी होतात. पुढील उत्तरे हौशी खेळाडूंसाठी आणि नुकत्याच स्पर्धा खेळू लागलेल्यांसाठी लिहिली आहेत. सरावाचा विषय सामन्यातून निघाला पाहिजे आणि त्याचा निकालही सामन्यातच तपासला गेला पाहिजे, या एका मतावर ती उभी आहेत.

यशस्वी खेळाडूचा सराव जसाच्या तसा उचलला तर काय बिघडते?

तो सराव ज्या अडचणीवर उपाय म्हणून तयार झालेला असतो, ती अडचण बहुधा आपली नसते. राफेल नादाल लिहितो उजव्या हाताने आणि खेळला मात्र डाव्या हाताने. मोनिका सेलेसने फोरहँड आणि बॅकहँड हे दोन्ही फटके दोन्ही हातांनी मारून ९ ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपदे मिळवली. पीट सॅम्प्रसने वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास दोन हातांचा बॅकहँड सोडून एका हाताचा धरला. या तिघांपैकी कोणाचाही दिनक्रम दुसऱ्याला लावून पाहिला असता, तर त्या दुसऱ्याचे नुकसानच झाले असते.

तथापि, व्यक्तिगत पद्धत म्हणजे सगळेच आवडीवर सोडायचे असाही अर्थ नाही. प्रतिस्पर्धी फटका मारत असताना दोन्ही पाय हलकेच उचलून जमिनीवर टेकवणे, म्हणजे स्प्लिट स्टेप. चेंडू शरीराच्या पुढे घेणे. आणि फटक्यानंतर पुन्हा जागेवर येणे, या गोष्टी शैली कोणतीही असली तरी सुटत नाहीत. ग्रिप (रॅकेटची पकड), उभे राहण्याची जागा, फटक्यातील फिरकीचे प्रमाण, नेटवर जाण्याची ओढ आणि सरावाचा क्रम यांत मात्र आपापला मार्ग काढावा लागतो.

मग सुरुवात कोठून करावी?

मोजण्यापासून. आपली दुर्बलता कोणती, याबद्दल प्रत्येक खेळाडूचे एक ठाम मत असते आणि ते पुष्कळदा चुकीचे असते, कारण लाजिरवाणी चूक लक्षात राहते आणि रोजची चूक विसरली जाते.

माझ्याच बाबतीत सांगायचे तर, माझा बॅकहँड कच्चा आहे असे मी कित्येक वर्षे मानत होतो आणि निम्म्याहून अधिक वेळ त्याच्यावरच खर्च करत होतो. नंतर रॅकेटच्या पिशवीत एक खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिलीचा तुकडा ठेवू लागलो. बाजू बदलताना खेळाडूंना ९० सेकंदांची विश्रांती मिळते. पाण्याचे दोन घोट घेऊन झाले की उरलेल्या वेळात मागच्या दोन गेममधील गमावलेले गुण एकेका अक्षराने लिहीत असे : डबल फॉल्टसाठी (दोन्ही सर्व्हिस चुकून गेलेल्या गुणासाठी) ‘ड’, परतीच्या पहिल्याच फटक्यावर झालेल्या चुकीसाठी ‘प’, रॅलीतील (परतीनंतर चालणाऱ्या फटक्यांच्या देवाणघेवाणीतील) बॅकहँडसाठी ‘ब’, फोरहँडसाठी ‘फ’ आणि प्रतिस्पर्ध्याने खरोखरच चांगला फटका मारला असेल तर ‘त्या’. पाच सामन्यांनंतर वही उघडली तेव्हा ‘ब’ मोजकेच होते. पानेच्या पाने ‘प’ने भरली होती, आणि त्यांतील बहुतेक ‘प’ प्रतिस्पर्ध्याच्या दुसऱ्या, संथ सर्व्हिसवर आलेले होते. सोपा चेंडू पाहून मी जोरात मारायला जात होतो आणि चेंडू जाळीत जात होता. ही गोष्ट मला कोणी तोंडाने सांगितली असती, तर मी मान्य केली नसती.

एवढ्या बारीक हिशेबाची गरज काय, असे वाटत असेल तर रॉजर फेडररने २०२४ मध्ये एका दीक्षान्त समारंभात सांगितलेला आकडा लक्षात घ्यावा. त्याने कारकिर्दीतील १,५२६ एकेरी सामन्यांपैकी जवळजवळ ८० टक्के सामने जिंकले, परंतु त्या सामन्यांत जिंकलेले गुण केवळ ५४ टक्के होते. टेनिसमधील जय-पराजयाचे अंतर असे बारीक असते. दर गेममध्ये फुकट जाणारा एखादा गुण वाचवणे हे आपला सगळा खेळ नव्याने बांधण्यापेक्षा पुष्कळ सोपे आहे आणि त्याचा परिणामही लवकर दिसतो.

वहीत एकाच वेळी अनेक दोष दिसले तर कोणता आधी घ्यावा?

जो सर्वांत वारंवार होतो आणि ज्याचे मूळ सर्वांत आधी आहे, तो. रॅलीच्या आठव्या फटक्यावरील चुकीआधी सर्व्हिस आणि परतीचा फटका येतो. व्यावसायिक पातळीवरही बहुसंख्य गुण दोन्ही बाजूंचे मिळून पहिल्या चार फटक्यांत संपतात. हौशी खेळात तर ते आणखी लवकर संपतात. असे असताना सरावाचा जवळपास सगळा वेळ बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवरून, लांब रॅली खेळण्यात जातो, हा बहुतेक कोर्टांवर दिसणारा विरोधाभास आहे.

एका वेळी एकच दोष घ्यावा, आणि त्याला किमान चार आठवडे द्यावेत.

एकच फटका शंभर वेळा मारावा, की निरनिराळे फटके मिसळून मारावेत?

या प्रश्नावर थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण येथे आपला अनुभवच आपल्याला फसवतो.

टोपलीतून एकाच जागी, एकाच वेगाने येणारे पन्नास चेंडू मारताना तिसाव्या चेंडूपर्यंत हात बसतो, आवाज गोड येऊ लागतो आणि फटका सुधारल्याची खात्री वाटते. परंतु त्या वेळी आपण प्रत्येक चेंडूला नव्याने उत्तर शोधत नसतो; आधीच्या चेंडूचे उत्तरच पुन्हा देत असतो. सामन्यात तसे घडत नाही. तेथे एक फोरहँड धावत जाऊन, पुढचा बॅकहँड मागे सरकून आणि त्यानंतरचा छोटा चेंडू पुढे वाकून घ्यावा लागतो.

शारीरिक कौशल्ये कशी शिकली जातात याच्या अभ्यासात ही गोष्ट १९७९ पासून, शी आणि मॉर्गन यांच्या प्रयोगापासून, चर्चेत आहे. गुड आणि मॅगिल यांनी १९८६ मध्ये बॅडमिंटनच्या तीन प्रकारच्या सर्व्हिस शिकवताना हेच तपासले. काही जणींनी एकेक प्रकार सलग गिरवला आणि काही जणींनी तिन्ही प्रकार उलटसुलट क्रमाने मारले. नंतर घेतलेल्या चाचणीत, विशेषतः कोर्टच्या सरावात न वापरलेल्या बाजूने सर्व्हिस करायला सांगितल्यावर, मिसळून सराव केलेल्यांची कामगिरी सरस ठरली. मिसळलेला सराव करताना मात्र तो ओबडधोबड आणि चुकांनी भरलेला वाटतो, आणि म्हणूनच खेळाडू तो लवकर सोडून देतात.

याचा अर्थ सलग सराव निरुपयोगी आहे असा नाही. नवी ग्रिप किंवा रॅकेटचा नवा मार्ग अंगवळणी पडेपर्यंत, म्हणजे पहिल्या काही सत्रांत, सलग चेंडू मारणेच योग्य असते. दहापैकी सहा-सात फटके मनाजोगे जाऊ लागले की क्रम मोडावा. मी स्वतः पुढील टप्पे वापरतो : प्रथम एकाच जागी दहा चेंडू, मग तोच फटका, पण प्रत्येक वेळी वेगळ्या खोलीवर आणि उंचीवर आलेला, मग फोरहँड की बॅकहँड हे आधी न कळता, आणि शेवटी त्याच फटक्याने सुरू होणारा, पण गुण मोजून पूर्ण खेळलेला डाव. शेवटच्या टप्प्याला निम्मा वेळ राखून ठेवावा. हा नियम मी सर्वाधिक आग्रहाने सांगतो, कारण वेळ कमी पडला की नेमका तोच टप्पा गाळला जातो.

फटका मारताना लक्ष कशावर ठेवावे?

मनगट, कोपर, खांदा यांवर शक्यतो ठेवू नये. हालचालींच्या अभ्यासक गॅब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक प्रयोगांतून दाखवले आहे की, अवयवांवर लक्ष ठेवण्यापेक्षा हालचालीच्या परिणामावर, म्हणजे चेंडूच्या मार्गावर किंवा लक्ष्यावर, लक्ष ठेवल्यास कौशल्य सामान्यतः अधिक चांगले साधते. ‘मनगट सैल ठेव’ या सूचनेऐवजी ‘चेंडू त्या दोरीवरून जाऊ दे’ ही सूचना शरीराला अधिक लवकर कळते.

ही दोरी खरोखरच बांधून पाहावी. जाळीच्या दोन्ही खांबांना उंच काठ्या घट्ट बांधाव्यात आणि जमिनीपासून सुमारे दोन मीटर उंचीवर एक जाड, लांबूनही दिसेल अशा रंगाची दोरी ताणावी. जाळीची मध्यभागी उंची ०.९१४ मीटर असल्यामुळे दोरी तिच्या एक मीटरहून थोडी अधिक वर येते. बेसलाइनवरून मारलेला प्रत्येक चेंडू दोरीच्या वरून जाऊन कोर्टमध्ये पडला पाहिजे. पहिली दहा मिनिटे चेंडू बेसलाइनच्या पलीकडे जातात, आणि मग कोणीही न सांगता रॅकेट खालून वर येऊ लागते, कारण टॉपस्पिनवाचून, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने दिलेल्या फिरकीवाचून, एवढ्या उंचीवरून आलेला वेगवान चेंडू कोर्टमध्ये उतरतच नाही. ‘रॅकेट खालून वर आण’ हे वाक्य शेकडो वेळा ऐकूनही जे जमले नव्हते, ते या दोरीने काही दिवसांत जमलेले मी पाहिले आहे.

दोरी बांधणे शक्य नसेल तर चेंडू जाळी ओलांडताच ‘कमी’, ‘ठीक’ किंवा ‘जास्त’ असे मोठ्याने म्हणावे. आपला अंदाज आणि चेंडू प्रत्यक्षात पडलेली जागा यांचा मेळ बसू लागला की नजर तयार होत आहे असे समजावे.

लक्ष्य नेमके कोठे ठेवावे? रेषेवर की रेषेच्या आत?

रेषेच्या बरेच आत. बाजूच्या आणि मागच्या रेषेपासून निदान एक-दीड मीटर सोडून. आणि शंका असेल तेव्हा क्रॉसकोर्ट, म्हणजे तिरक्या कोपऱ्याकडे. यामागे कोर्टची साधी भूमिती आहे. एकेरीचे कोर्ट २३.७७ मीटर लांब आणि ८.२३ मीटर रुंद असते, त्यामुळे कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर सुमारे २५.१५ मीटर भरते. म्हणजे तिरक्या फटक्याला जवळजवळ १.४ मीटर अधिक जागा मिळते, आणि शिवाय तो जाळीच्या मधल्या, खालच्या भागावरून जातो. खांबाजवळ जाळी १.०७ मीटर उंच असते, म्हणजे मध्यभागापेक्षा सुमारे १५ सेंटिमीटर अधिक. डाउन द लाइन, म्हणजे बाजूच्या रेषेला समांतर सरळ फटका मारताना लांबी आणि उंची या दोन्ही सवलती आपण सोडून देतो. म्हणून तो तोल सावरलेला असताना आणि चेंडू सोयीच्या उंचीवर आल्यावरच मारावा.

एकट्याने सर्व्हिसचा सराव कसा करावा?

सर्व्हिस हा टेनिसमधील एकमेव फटका आहे जो समोरच्याच्या चेंडूवर अवलंबून नसतो, आणि म्हणून तो एकट्याने सुधारता येतो. तरीही बहुतेक खेळाडू टोपली घेऊन जोरात पहिल्या सर्व्हिस मारत सुटतात आणि दहा मिनिटांत कंटाळतात.

क्रम उलटा करावा आणि आधी दुसऱ्या सर्व्हिसचा सराव करावा. समजा, एखाद्या खेळाडूच्या पहिल्या सर्व्हिसपैकी निम्म्या आणि दुसऱ्या सर्व्हिसपैकी दहातील सहाच आत पडतात. मग त्याच्या सर्व्हिसवरील पाचपैकी एक गुण डबल फॉल्टने जाणार. दुसरी सर्व्हिस दहातील नऊ वेळा आत पडू लागली, तर हेच प्रमाण वीस गुणांत एकावर येते. शिवाय दुसऱ्या सर्व्हिसवर विश्वास बसला की पहिली सर्व्हिस मोकळ्या हाताने मारता येते.

टॉससाठी, म्हणजे सर्व्हिससाठी चेंडू वर उडवण्यासाठी, वेगळा वेळ द्यावा. रॅकेट खाली ठेवून, उभे राहण्याच्या ठरलेल्या पवित्र्यात, चेंडू बोटांच्या टोकांवर हलका धरावा आणि कोपर न वाकवता हात वर नेऊन डोळ्यांच्या उंचीच्या सुमारास सोडावा. पुढच्या पायापासून थोडे पुढे, कोर्टच्या आतल्या बाजूला एक टॉवेल चौपदरी घडी करून ठेवावा. चेंडू न मारता खाली पडू दिला तर तो त्या टॉवेलवर पडला पाहिजे. वीसपैकी निदान पंधरा वेळा तो तेथे पडत नसेल तर सर्व्हिसमधील दोष खांद्यात किंवा मनगटात शोधण्यात अर्थ नाही, कारण हात प्रत्येक वेळी नव्या जागी चेंडू शोधत फिरत असतो. सामन्यातही वाईट टॉस मारायचा नाही, पकडायचा. नियमांनुसार चेंडू मारण्याचा प्रयत्न न करता तो पकडला किंवा पडू दिला तर तो फॉल्ट ठरत नाही.

त्यानंतर चेंडू जोडीने मारावेत. एक पहिली सर्व्हिस. ती चुकली तरच दुसरी. मग बाजू बदलून पुढील जोडी. दोन चेंडूंच्या मध्ये सामन्यात घेतो तेवढाच वेळ घ्यावा. अशा चोवीस जोड्या, म्हणजे साधारण चार गेम, एका सत्राला पुरेशा होतात. संख्या वाढवायची असेल तर आठवड्यागणिक थोडी थोडी वाढवावी, कारण खांद्यावर सर्वाधिक ताण याच फटक्याचा येतो.

सर्व्हिस परतवण्याचा सराव वेगळा करावा लागतो का?

होय, आणि जोडीदाराने सर्व्हिस लाइनजवळ येऊन सर्व्हिस केली तर तो मध्यम पातळीच्या खेळाडूंनाही करता येतो, कारण अंतर कमी झाल्याने साधी सर्व्हिसही वेगवान वाटते. रॅकेट मागे नेण्याची हालचाल अर्धी करावी आणि प्रतिस्पर्ध्याची रॅकेट चेंडूला लागण्याच्या क्षणी स्प्लिट स्टेप पूर्ण झालेली असावी. वर सांगितलेल्या माझ्या ‘प’च्या रोगावर उपाय याहून साधा निघाला. दुसऱ्या सर्व्हिसवरचा प्रत्येक चेंडू सहा आठवडे फक्त क्रॉसकोर्ट आणि उंच परतवायचा, असे ठरवून टाकले.

सरावासाठी जोडीदार मिळत नाही. भिंतीवर खेळून उपयोग होतो का?

होतो, पण भिंतीच्या स्वभावाप्रमाणे. भिंतीवरून चेंडू जोडीदाराकडून येतो त्याहून लवकर परत येतो. त्यामुळे सावरायला वेळ मिळत नाही आणि जोरात मारत राहिल्यास फटका आखूड व घाईचा होतो. म्हणून वेग कमी ठेवावा, जाळीच्या उंचीवर खडूने रेषा ओढावी आणि तिच्या वर सुमारे एक मीटरवर दुसरी. चेंडू दोन रेषांच्या मध्ये लागला पाहिजे. गरज वाटल्यास चेंडू दोनदा टप्पा घेऊ द्यावा. व्हॉलीसाठी (टप्पा पडण्याआधीच मारायच्या फटक्यासाठी) आणि तत्परतेने पाय हलवण्यासाठी भिंतीसारखा गुरू नाही. मात्र प्रतिस्पर्ध्याच्या शरीरावरून फटका ओळखणे ती शिकवू शकत नाही.

जोडीदार माझ्यापेक्षा खूप कमी किंवा खूप अधिक पातळीचा असेल तर?

गुणांची पद्धत बदलावी. वरच्या पातळीच्या खेळाडूला एकच सर्व्हिस द्यावी, किंवा त्याचे गुण फक्त कोर्टच्या एका अर्ध्या भागात धरावेत. अशाने त्यालाही खरा सराव मिळतो, कारण अर्ध्या कोर्टमध्ये सलग चेंडू ठेवणे चांगल्या खेळाडूलाही सोपे जात नाही. दोघांनी सुरुवातीलाच प्रत्येकी एक हेतू मोठ्याने सांगावा आणि वेळ वाटून घ्यावा. जो जोडीदार दुसऱ्याच्या हेतूसाठी पंधरा मिनिटे मनापासून चेंडू देतो, त्याला जपावे.

सरावात उत्तम खेळ होतो आणि सामन्यात हात आखडतो. काय करावे?

हा प्रश्न विचारणाऱ्याला ‘मन खंबीर कर’ असे सांगितले जाते, आणि त्याने काहीही साधत नाही. आखडणे ही भित्रेपणाची खूण नव्हे. सरावात ज्या परिस्थितीची ओळखच झालेली नाही, ती सामन्यात प्रथम भेटते, एवढाच त्याचा अर्थ असतो. सरावात चुकीची किंमत शून्य असते. पुढचा चेंडू खिशात तयार असतो.

म्हणून सरावात किंमत आणावी. प्रत्येक गेम ३०–४० पासून सुरू करावा आणि सर्व्हिस करणाऱ्याकडे केवळ दुसरी सर्व्हिस शिल्लक आहे असे समजावे. सत्राच्या शेवटी, थकलेले असताना, सात गुणांचा एक टायब्रेक खेळावा आणि त्याचा निकाल वहीत तारखेसह लिहावा. हरणारा चेंडू गोळा करील, एवढी क्षुल्लक अटही पुरते.

दुसरी गोष्ट, दोन गुणांमधील वेळेची. व्यावसायिक स्पर्धांत दोन गुणांमध्ये २५ सेकंद मिळतात. या २५ सेकंदांत काय करायचे, हे ठरलेले आणि सरावात गिरवलेले असावे. माझा क्रम असा आहे : पाठ फिरवून रॅकेटच्या स्ट्रिंग बोटांनी सरळ करणे, एक संथ उच्छ्वास, पुढील फटक्याची दिशा मनात एकदाच ठरवणे आणि मग चेंडू चार वेळा टप्प्याने खेळवून सर्व्हिस. दुसऱ्या कोणाचा क्रम वेगळा असेल. परंतु सरावातील प्रत्येक गुणाआधीही तो पाळला नाही, तर सामन्यात अडचणीच्या वेळी तो आठवत नाही.

मोठा तांत्रिक बदल करावा का? खेळ काही काळ बिघडेल याची भीती वाटते.

भीती खरी आहे; खेळ काही काळ बिघडतोच. सॅम्प्रसने बॅकहँड बदलल्यानंतर किशोर गटात त्याला बरेच पराभव पत्करावे लागले, आणि पुढे त्याच खेळावर त्याने विम्बल्डन ७ वेळा जिंकले. परंतु चौदाव्या वर्षी जो हिशेब जमला, तो चाळिशीत आठवड्यातून दोनदा खेळणाऱ्याला जमेलच असे नाही. माझे मत असे की, सध्याच्या तंत्राने दुखापत होत असेल, किंवा एखादा महत्त्वाचा फटका त्या तंत्राने मारताच येत नसेल, तरच मोठा बदल हाती घ्यावा. उदाहरणार्थ, फोरहँडच्या ग्रिपने सर्व्हिस करणाऱ्याला फिरकीची दुसरी सर्व्हिस जवळजवळ अशक्य असते. त्याने काँटिनेंटल ग्रिपकडे, म्हणजे हातोडी धरल्यासारख्या पकडीकडे, वळणे सोसावेच. स्पर्धांच्या हंगामाच्या तोंडावर मात्र असे काम काढू नये.

प्रशिक्षकाचे मत आणि माझा अनुभव जुळत नसेल तर?

वही दाखवावी. ‘मला असे वाटते’ या वाक्याने वाद होतो. ‘पाच सामन्यांत इतके गुण येथे गेले’ या वाक्याने काम सुरू होते. कोणत्याही नव्या सूचनेबद्दल ती कशासाठी आहे, किती आठवडे करायची आणि सुधारणा कशावरून ओळखायची, हे तीन प्रश्न नम्रपणे विचारावेत. चांगल्या प्रशिक्षकाला ते आवडतात. एकाच महिन्यात तीन जणांचा सल्ला घेणे मात्र टाळावे.

व्हिडिओचा उपयोग करावा का?

जरूर, पण महिन्यातून एक-दोनदा. फोन बेसलाइनच्या मागे मध्यभागी, डोक्याहून उंच ठेवून दहा मिनिटांचा खेळ टिपावा. पाहताना फटक्याच्या सौंदर्याकडे न पाहता प्रतिस्पर्ध्याने चेंडू मारला त्या क्षणी आपले पाय काय करत होते, एवढेच पाहावे.

लहान मुलांसाठी आणि उशिरा सुरुवात करणाऱ्यांसाठी वेगळे काय?

चेंडू. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने मान्य केलेले लाल, नारिंगी आणि हिरव्या ठिपक्याचे चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा अनुक्रमे सुमारे ७५, ५० आणि २५ टक्के संथ असतात, आणि २०१२ पासून दहा वर्षे व त्याखालील मुलांच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू वापरला जात नाही. संथ चेंडू खांद्यावरून न जाता कमरेच्या उंचीवर मिळतो, म्हणून मूल पहिल्या दिवसापासून खरी रॅली खेळते. प्रौढ नवशिक्यांनीही हिरव्या ठिपक्याने सुरुवात करण्यात कमीपणा मानू नये.

कोपर किंवा खांदा दुखत असेल तर सराव चालू ठेवावा का?

ज्या फटक्याने दुखते तो फटका त्याच दिवशी थांबवावा आणि दुखणे टिकले तर डॉक्टरांना दाखवावे. कोपराच्या बाहेरच्या बाजूचे दुखणे, ज्याला टेनिस एल्बो म्हणतात, बहुधा उशिरा घेतलेला एका हाताचा बॅकहँड, फार घट्ट पकड आणि अचानक वाढवलेला सराव यांच्यामागून येते. कडक पॉलिएस्टर स्ट्रिंग आणि जास्त ताण यांनी त्यात भर पडते. मऊ स्ट्रिंग कमी ताणावर लावून पाहावी. हात बरा होईपर्यंत पायांचा सराव थांबत नाही. रॅकेटवाचून स्प्लिट स्टेप, बाजूला धाव आणि पुन्हा मध्यावर येणे, हे वीस-वीस सेकंदांच्या तुकड्यांत, तेवढीच विश्रांती घेत करता येते.

आठवड्यात किती वेळ द्यावा?

तीन वेळा पाऊण तास हा एकदा सव्वादोन तासांपेक्षा बहुधा अधिक फळतो, कारण लक्ष टिकते आणि मधल्या दिवसांत शिकलेले मुरते. दहा हजार तासांचा जो आकडा सर्वत्र सांगितला जातो, त्याच्या मुळाशी अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९३ मधील व्हायोलिनवादकांचा अभ्यास आहे. त्या अभ्यासाचा भर तासांच्या बेरजेपेक्षा नेमके उद्दिष्ट ठरवून, चुका तपासत केलेल्या सरावावर होता.

माझी पद्धत योग्य ठरत आहे, हे कशावरून ओळखावे? आणि ती कधी बदलावी?

चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा पाच सामने मोजावेत; शक्यतो त्याच पातळीच्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध. निवडलेल्या दोषाचे अक्षर कमी झाले असेल तर पद्धत लागू पडली, मग त्या सामन्यांचा निकाल काहीही असो. अक्षर तेवढेच राहिले आणि सरावात मात्र तो फटका चांगला बसत असेल, तर सराव फार सोपा होता. मिसळलेले चेंडू आणि गुणांचा डाव वाढवावा. सरावातही सुधारणा नसेल तर उपाय चुकला आहे किंवा दोषाचे निदान चुकले आहे, आणि तेथे जाणत्याची नजर हवी.

माझ्या दुसऱ्या पाच सामन्यांत ‘प’ निम्म्याहून कमी झाले होते. त्यांपैकी दोन सामने मी हरलो. वहीच्या पुढच्या पानांवर आता ‘ड’ सर्वाधिक दिसत होते, म्हणून दुसऱ्या दिवशी टोपलीबरोबर टॉवेलही पिशवीत घातला.